सह्यांचा गोल

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण सापडेना म्हणून दाजींच्या बायकोनं आधी ओटा, मग फळी, मग भांडी निथळायची जागा पालथी घातली. झाकण सापडलं ते जेवणाच्या टेबलावर. दाजींनी ते एका मोठ्या कोऱ्या कागदावर दाबून धरलं होतं आणि त्याच्या कडेनं ते पेन्सिल फिरवत होते. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून किंचित बाहेर आली होती.

"हे काय चाललंय?"

दाजी दचकले. पेन्सिल घसरली आणि चांगल्या जमत आलेल्या गोलाला एका बाजूनं टेंगूळ आलं.

"दादांचा साठावा वाढदिवस येतोय ना," ते म्हणाले. "सगळ्या सदस्यांच्या सह्यांचं एक शुभेच्छापत्र करावं म्हटलं."

बायको एकदम हळवी झाली. दादा हे तिचे सख्खे थोरले भाऊ, पक्षाचे नेते आणि शहराचे नगराध्यक्ष. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यात नवऱ्याला माहेरच्यांसाठी आपणहून काही सुचल्याची ही पहिलीच वेळ. तिनं झाकणाची मागणी मागे घेतली आणि न सांगता चहा केला. दाजींच्या घशाखाली तो उतरेना, कारण तो कागद दादांना खुर्चीवरून खाली उतरवण्यासाठी होता.

दाजी हे खरं तर फक्त दादांचे दाजी. पण दादांनी भर सभेत त्यांना तशी हाक मारायला सुरुवात केली आणि हळूहळू अख्खा पक्ष त्यांचा मेहुणा होऊन बसला. पक्षात त्यांचं पद होतं प्रतोदाचं. म्हणजे नगरसभेत मतदान आलं की आपले तेवीसच्या तेवीस सदस्य जागेवर आहेत, जागे आहेत आणि योग्य वेळी हात वर करताहेत, एवढं बघायचं. हे काम ते अकरा वर्षं चोख करत आले होते. दादांच्या एकेरी वाहतुकीच्या ठरावालाही तेवीस हात त्यांनीच वर करवले होते, आणि तेच आता त्यांना डाचत होतं.

कारण दादांनी शहरातला प्रत्येक रस्ता एकेरी करून टाकला होता. नकाशावर ते फार देखणं दिसायचं. प्रत्यक्षात इस्पितळासमोर राहणाऱ्या माणसाला इस्पितळात गाडीनं जायला पाऊण तास लागायचा, आणि दूधवाला सकाळी आपल्या गल्लीतून बाहेर पडला की त्याला घरी परतायला नदीपलीकडून फिरून यावं लागायचं. लोक दादांच्या घरावरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवत. निवडणूक आठ महिन्यांवर आली होती, आणि पक्षातल्या कुणाचीही बायको, बहीण, शेजारी किंवा न्हावी त्यांना मत द्यायला तयार नव्हता.

दादांना सुचवून पाहिलं नव्हतं असंही नाही. सदस्यांपैकी एक दंतवैद्य होते. त्यांनी एकदा दादांची दाढ बघता बघता आता जरा विश्रांती घ्या असं सांगितलं. तोंडात आरसा असल्यामुळे दादांना वाद घालता आला नाही. त्यांनी खरंच चार दिवस विश्रांती घेतली, ताजेतवाने होऊन आले आणि उरलेल्या दोन बोळांतही बाणांच्या पाट्या लावल्या.

तेव्हा दाजींनी पक्षाची नियमावली काढली. बारा सदस्यांनी सह्या करून मागणी केली, तर आठ दिवसांत नेत्याबद्दल गुप्त मतदान घ्यावंच लागतं, असं त्यात स्पष्ट होतं. बारा सह्या मिळण्यासारख्या होत्या. अडचण एवढीच की पहिली सही करायला कुणी तयार नव्हतं. पहिलं नाव म्हणजे पुढारी, आणि डाव फसला तर बळी. चष्म्याचं दुकान चालवणारे एक सदस्य तर म्हणाले की ते चौथी सही आनंदानं करतील, पाचवी तर त्याहून आनंदानं. म्हणून दाजींनी गोल काढायचं ठरवलं. गोलाभोवती सह्या केल्या की कोण पहिला आणि कोण शेवटचा, हे देवालाही सांगता येणार नाही.

पुढचे पाच दिवस दाजी तो कागद गुंडाळी करून पिशवीत घेऊन फिरले. दंतवैद्यांनी दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत सही केली. चष्मेवाल्यांनी इतकी बारीक सही केली की ती वाचायला त्यांच्याच दुकानात जावं लागलं असतं. सगळ्यांत वेळ लागला तो निवृत्त मुख्याध्यापिकांकडे. त्यांनी आधी टेंगळाबद्दल विचारलं, खोडरबरानं ते दुरुस्त केलं आणि मग सही केली. नियमाप्रमाणे प्रत्येक जण सहीखाली आपला प्रभाग क्रमांक आणि तारीख घालत होता. अकरा सह्या झाल्या. बारावी दाजींची स्वतःची, ती सर्वांत शेवटी करायची असं त्यांनी ठरवलं होतं. घरचा माणूस असल्यामुळे.

गोलाच्या मधली जागा मात्र रिकामी होती. कारण मजकुरावर एकमत होईना. दंतवैद्यांना 'अकार्यक्षम' हा शब्द हवा होता, चष्मेवाल्यांना 'विश्रांतीस पात्र', आणि मुख्याध्यापिकांना दोन्ही वाक्यांची रचना पसंत नव्हती. शेवटी दाजींनी सगळ्यांना एका दुपारी दंतवैद्यांच्या दवाखान्यात जमवलं. तीन तास घासाघीस होऊन चार ओळी ठरल्या. त्या चिठ्ठीवर लिहून घेऊन दाजी घाईघाईनं घरी आले, पिशवी उघडली, तर आत कागद नव्हता.

बायको नव्या कपड्यांत होती आणि प्रसन्न दिसत होती.

"तुमचं काम केलं हो मी," ती म्हणाली. "आज दादाचा वाढदिवस, आणि तुम्ही बसलात मीटिंगा करत. मीच रिबीन बांधून देऊन आले."

दाजी खुर्चीवर बसले. खुर्ची तिथे होती हे नशीब. त्यांनी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, की दादा काय म्हणाले.

"काही बोललाच नाही. कितीतरी वेळ बघत बसला नुसता. मग म्हणाला, प्रत्येकानं अगदी मनापासून सही केलेली दिसतेय. डोळे भरून आले होते त्याचे."

दुसऱ्या दिवशी तो कागद नगराध्यक्षांच्या दालनात, त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर चार टाचण्यांनी लागलेला होता. आत येणाऱ्या प्रत्येकाला दादा तो दाखवत होते. दुपारपर्यंत अकराच्या अकरा सदस्यांचे दाजींना फोन आले. दंतवैद्यांनी आपण सही केली तेव्हा गोल नीट पाहिलाच नव्हता, असं ऐकवून पाहिलं. चष्मेवाल्यांनी आपल्या बारीक सहीबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं. फक्त मुख्याध्यापिका शांत होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं की सही त्यांची आहे, ती त्या नाकारणार नाहीत, आणि कागद परत आणण्याची जबाबदारी ज्यानं तो हरवला त्याची आहे.

दाजींना हे पटलं. नव्यानं सह्या घेणं आता शक्य नव्हतं; पुन्हा कुणी पेन हातात धरलं नसतं. तोच कागद परत मिळवायचा, मधे चार ओळी लिहायच्या, बारावी सही करायची आणि पक्ष कार्यालयात नेऊन द्यायचा. त्यांनी निश्चय केला आणि कामाला लागले.

पहिल्या दिवशी ते पत्र चौकटीत बसवून आणतो, असं सांगून दालनात गेले. दादांनी भिंतीवरच शोभतंय म्हणून नकार दिला. दुसऱ्या दिवशी कागदाचा कोपरा दुमडलाय, इस्त्री करून आणतो, असं म्हणून पाहिलं. दादांनी शिपायाला बोलावलं आणि त्यानं तिथल्या तिथे अंगठ्यानं कोपरा सरळ केला. तिसऱ्या दिवशी दादा पाहणीला बाहेर गेल्याचं कळताच दाजी दालनात शिरले, स्टुलावर चढले आणि वरच्या दोन टाचण्या काढून झाल्या, तोच दारात दादा उभे. एकेरी रस्त्यांमुळे पाहणीच्या जागेपर्यंत पोचता येईना, म्हणून ते परत आले होते.

"दाजी, काय करताय?"

"टाचण्या ढिल्या झाल्या होत्या," दाजी म्हणाले आणि त्यांनी त्या पुन्हा घट्ट दाबून बसवल्या.

तोवर दुसरीच भानगड उभी राहिली. पक्षात दाजी आणि हे अकरा सोडून आणखी दहा सदस्य होते, आणि ते दादांचे कट्टर मानले जात. दाजी त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते. त्या दहांना भिंतीवरच्या पत्राची बातमी लागली. सगळ्यांच्या सह्या आणि आपलीच नाही, म्हणजे दादांना काय वाटेल, या विचारानं त्यांची झोप उडाली. बेकरीचे मालक दाजींना रस्त्यात अडवून म्हणाले, की तुम्ही आम्हाला मुद्दाम वगळलंत. दाजींनी काहीतरी पुटपुटून सुटका करून घेतली. मग ते दहाजण एकेक करून दादांच्याच दालनात जायला लागले.

आठवड्याच्या शेवटी दाजींनी दारातून डोकावून पाहिलं तर पहिल्या गोलाबाहेर सह्यांचा दुसरा गोल तयार झाला होता. दहाच्या दहा. दाजींना त्या बिचाऱ्यांची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. शुभेच्छा समजून सही केलेल्या माणसांच्या मधोमध 'नेत्यास पदावरून दूर करावे' असं लिहायचं म्हणजे शुद्ध फसवणूक. आणि नाही लिहायचं तर शहरातला दूधवाला जन्मभर नदीपलीकडून घरी येत राहणार.

सोमवारी दादांचाच निरोप आला. पत्राच्या मधली जागा रिकामी दिसते, तुमचं अक्षर चांगलं आहे, येऊन मजकूर लिहून द्या.

दाजी पेन घेऊन निघाले. पंधरा मिनिटांच्या वाटेत त्यांनी ठरवून टाकलं की आता लपवाछपवी बास. समोर बसून सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे. दालनात दादा एकटेच होते. कागद भिंतीवरून काढून टेबलावर पसरलेला होता, आणि तो उडू नये म्हणून दादांनी त्यावर हात ठेवला होता.

"दादा, हे शुभेच्छापत्र नाही," दाजी उभ्या उभ्याच म्हणाले. "हे तुम्हाला काढण्यासाठी आहे. गोल मी काढलाय. सह्या मी घेतल्यात. तुमच्या बहिणीचा यात काही दोष नाही, तिला मी खोटं सांगितलं."

"बसा," दादा म्हणाले.

दाजी बसले.

"शुभेच्छा देणारा माणूस सहीखाली प्रभाग क्रमांक घालतो का हो दाजी? मला रिबीन सोडतानाच कळलं. माझ्याआधीच्या अध्यक्षांना घालवलं तेव्हा मीच सह्या घेत फिरलो होतो. आम्ही तेव्हा चौकोन काढला होता. पण चौकोनाला कोपरे येतात, आणि कोपऱ्यात सही करायला कुणी तयार होईना. गोलाची कल्पना चांगली आहे."

दाजींना आभार मानावेत की काय, ते कळेना.

दादांनी मग सगळं सांगितलं. कागद त्यांनी भिंतीवर लावला तो त्या अकरा जणांना घाम फुटावा म्हणून. तो फुटलेला त्यांनी रोज पाहिला आणि मजाही घेतली. मग आले बेकरीवाले. दादांना वाटलं, आपला माणूस आहे, याला खरं सांगावं. हा चिडेल, कागद फाडेल, आणि फाडला तर आपण त्याला अडवायचं नाही. म्हणून त्यांनी स्पष्ट सांगितलं की बाबा रे, हे वाढदिवसाचं नाही, मला काढायचं पत्र आहे.

"मग?"

"कागद जवळ ओढला. मग म्हणाले, पेन आहे का."

दादा खिडकीकडे बघत होते. बाहेर एक टेम्पो बाणाच्या पाटीपाशी थांबून विचार करत होता.

बेकरीवाल्यांचा पाव म्हणे गिऱ्हाइकापर्यंत पोचेस्तोवर गार होत होता. ते वर्षभर सांगायला येत होते आणि दरवेळी नकाशाचं कौतुक करून परत जात होते. दादांना वाटलं, हा एकटाच असेल. पण त्यांनी पुढच्यालाही खरं सांगितलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. एका वकील सदस्यानं फक्त बाहेरच्या बाजूनं सही चालेल का, तेवढं विचारलं. दहावे होते संगीतशिक्षक. दादांनीच त्यांना राजकारणात आणलेलं. ते रडले. रडत रडत त्यांनी सही केली, पण प्रभाग क्रमांक आणि तारीख बिनचूक घातली.

"तेव्हा तुम्ही कुणाला फसवलेलं नाही," दादा म्हणाले. "एकवीस झाल्या. मला वाटायचं, दोन-चार लोकांची कुरकुर आहे. आता लिहा मधे."

दाजींनी विचारलं की एवढं झाल्यावर दादा आपणहून राजीनामा का देत नाहीत. दादांचा चेहरा कडक झाला. राजीनामा दिला तर लोक म्हणतील पळाला. साठ वर्षांत ते कुठूनही पळाले नव्हते. काढायचं असेल तर नियमानं काढा, मतदान घ्या, मोजणी करा. सुरू केलंय तर अर्धवट सोडायचं नाही.

तेव्हा दाजींनी खिशातून चार ओळींची चिठ्ठी काढली. दादांनी ती वाचली, 'अकार्यक्षम' खोडलं आणि 'लोकांचा विश्वास गमावलेले' असं घालायला सांगितलं. कार्यक्षमतेबद्दल कुणी बोललेलं त्यांना चालणार नव्हतं. 'विश्रांतीस पात्र' त्यांनी दोनदा खोडलं. मग ते सांगत गेले आणि दाजी लिहीत गेले. मजकूर खरोखरच आधीपेक्षा चांगला झाला. शेवटी दाजींनी आपली सही केली. दादांनी तीवर टीपकागद दाबला.

घरी आल्यावर दाजींनी बायकोला सगळं सांगितलं. दोन दिवस त्यांना ताटात सगळं वेळेवर आणि गरम मिळालं, पण कुणी वाढलं ते दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दादाला काढायचं ते काढा. त्याच्या रस्त्यांपायी मलासुद्धा माहेरी जायला तास लागतो. पण ते पत्र त्याच्या हातात माझ्याकडून नाही द्यायचं." दाजींनी मान खाली घातली.

मतदान आठव्या दिवशी झालं, पक्ष कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. कोपऱ्यात पडदा लावून आत टेबल आणि पेन ठेवलं होतं. तेवीस सदस्य ओळीनं उभे राहिले. प्रतोद म्हणून दाजींनी हजेरी घेतली. दादा पहिले गेले आणि झरकन बाहेर आले. बाकीचेही भराभर जाऊन आले. चिठ्ठीवर 'राहावे' आणि 'जावे' असे दोनच शब्द होते, विचार करण्यासारखं काही नव्हतं.

दाजी शेवटी आत गेले. पेन हातात घेतलं आणि त्यांना काय झालं कुणास ठाऊक. बाहेर दादा खुर्चीत ताठ बसलेले पडद्याच्या फटीतून दिसत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, दाढ काढायला आलेल्या माणसासारखे. काम तर होऊन गेलंय, दाजींनी हिशेब केला. बावीस मतं पडोत की एकवीस, दादा जाणारच. पण दादांचं स्वतःचं एकच मत निघालं, तर ते किती केविलवाणं दिसेल. दोन निघाली तर निदान सोबत दिसेल. त्यांनी 'राहावे'वर खूण केली, चिठ्ठीच्या चार घड्या केल्या आणि ती पेटीत टाकली.

मुख्याध्यापिकांनी मोजणी केली आणि निकाल वाचला. जावे, बावीस. राहावे, एक.

दाजींना वाटलं, बाई चुकल्या. पण मुख्याध्यापिका मोजण्यात चुकत नसत. दाजींनी दादांकडे पाहिलं. दादा त्यांच्याकडे बघत नव्हते. ते संगीतशिक्षकांकडे बघत होते, मग वकिलांकडे, मग एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत होते, जणू कुणाला तरी शोधताहेत.

कुजबुज सुरू झाली. दंतवैद्य उठून म्हणाले की दादा असे चेहरे शोधताहेत त्या अर्थी ते एक मत त्यांचं स्वतःचं नाही; बावीस जणांनी सह्या केल्या होत्या, त्यातल्या कुणी शब्द फिरवला असेल तर ते गंभीर आहे. निवडणूक तोंडावर असताना असा दुटप्पी माणूस पक्षात नको. चष्मेवाल्यांनी दुजोरा दिला. आणि सगळ्यांचं एकमत झालं की हे काम प्रतोदाचं आहे. दाजींनी चौकशी करावी, त्या फुटीर सदस्याचं नाव शोधावं आणि आठ दिवसांत लेखी अहवाल द्यावा.

दाजी उभे राहिले. करतो म्हणावं तर पंचाईत आणि नाही म्हणावं तर त्याहून मोठी. त्यांच्या कपाळावर घाम आला. तो पुसायला त्यांनी हात वर केला, आणि तेवढ्यात दादांची नजर त्यांच्यावर येऊन थांबली. बराच वेळ थांबली.

"चौकशी कसली करताय?" दादा उठत म्हणाले. "ते मत माझंच. माझं मला दिलं. आणखी कोण देणार?"

खोलीत हशा पिकला. कुणी तोंडावर रुमाल धरला, कुणी खोकल्याचं निमित्त केलं. दंतवैद्यांनी शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तोही हसला. दादांनी ते सगळं उभ्यानं ऐकून घेतलं, टोपी उचलली आणि जिन्याकडे निघाले. दाजी मागोमाग गेले.

अर्धा जिना उतरून झाला.

"दादा, तुम्ही 'जावे'वर खूण केली होती?" दाजींनी विचारलं.

"बावीस जण सांगताहेत, तर तेविसाव्यानं वेगळं कशाला सांगायचं? नियम म्हणजे नियम." दादा एक पायरी उतरून थांबले. "तुमच्याकडून काय झालं? पेन घसरलं का?"

"हो," दाजी म्हणाले. "घसरलं."

"वाटलंच मला," दादा म्हणाले, आणि कठड्याचा आधार सोडून त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठे बोलू नका. अकरा वर्षं चोख काम केलंत. उगाच नाव खराब होईल."